गिरणीतला बल्ब

हरेशच्या भातगिरणीत कॅमेरे बसवायचं काम आपल्या वाट्याला यावं म्हणून वैष्णवीने कुठे नवस बोलला नव्हता. पण किशोरने दुकानात तो पत्ता तिच्या हातात ठेवला तेव्हा तिला देव पावल्यासारखंच झालं.

"वेळशेतची गिरणी हाय, तुमच्याच गावची," किशोर म्हणाला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "तुला नको वाटत असंल तर मी जातो."

"मीच जाते दादा," वैष्णवी म्हणाली.

किशोरचं दुकान मुरबाडच्या बाजारात. वैष्णवीने शहापूरला आयटीआय केलं आणि तीन वर्षं ती त्याच्याकडे कॅमेरे बसवत होती. भिंतीला भोकं पाडून वायरी ओढायच्या, कोपऱ्यात डबा टांगायचा, असले जुने कॅमेरे आता फक्त बँका आणि शाळा घेत. बाकी तालुक्यात खप होता तो भलत्याच कॅमेऱ्यांचा. बल्बमधला कॅमेरा, घड्याळातला कॅमेरा, मोबाईलच्या चार्जरमधला कॅमेरा, फार्महाऊसच्या कुंपणावर उन्हावर चालणारा सिमकार्डवाला कॅमेरा. माणसाला कॅमेरा हवा असतो, पण तो कॅमेरा आहे हे कुणाला कळायला नको असतं. गिऱ्हाइकाचं हे मन वैष्णवीने बरोबर ओळखलं होतं.

हरेश गिरणीच्या दारातच उभा होता. पांढरा शुभ्र शर्ट, गळ्यात चेन, तोंडभर हसू. तिला बघून तो जरासुद्धा चपापला नाही, आणि तेच वैष्णवीला झोंबलं.

"तू बुधाजीची ना गो? ये. झालं गेलं गंगेला मिळालं. चोराच्या पोरीनं तरी उपाशी मरावं असं मला नाय वाटत."

तिने पिशवीतून बल्ब काढला आणि शिडी मागितली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बुधाजी, वैष्णवीचा बाप, या गिरणीत एकोणीस वर्षं यंत्रावर होता. एका पहाटे गिरणीतून झिणी या बारीक, महागड्या तांदळाची सहा पोती गेली. हरेशने ऑनलाइन मागवलेलं एक घड्याळ भिंतीवर होतं, त्यात कॅमेरा आहे हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यातली चित्रफीत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. पाठमोरा माणूस, डोक्यावर पोत्याची खोळ, खांद्यावर तांदळाचं पोतं. पोती वाहताना कोंडा मानेत जाऊ नये म्हणून गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतात, ती खोळ. गिरणीत चार खोळी होत्या. त्यातल्या एकीला निळं ठिगळ होतं, बुधाजीच्या बायकोने, गोजाबाईने, आपल्या हाताने लावलेलं. चित्रफितीतल्या पाठीवर ते निळं ठिगळ स्वच्छ दिसत होतं.

खोळ रात्रंदिवस खुंटीला टांगलेली असायची, कुणीही घ्यावी. पण गावाने ठिगळ पाहिलं आणि बुधाजी पाहिला. एकालाही वाटलं नाही की खोळीच्या आत कोण आहे ते बघावं. हरेशने पोलिसांत तक्रार दिली नाही, "जुना माणूस हाय, मी माफ केलं," असं चारचौघांत सांगितलं, आणि त्या माफीनेच बुधाजी मेला. तक्रार झाली असती तर निदान कुणीतरी चौकशी केली असती. माफीला कुठे अपील असतं? गावात त्याला कुणी मजुरीला बोलावेना. लग्नाच्या पंगतीत तो बसला की शेजारचा पाट रिकामा राहायचा. वर्षभरात छातीत कळ येऊन तो गेला आणि गोजाबाई तेव्हापासून आपलं भात दोन गावं पलीकडच्या गिरणीत नेऊ लागली, डोक्यावरून.

हे सगळं वैष्णवीने शिडीवर चढताना पुन्हा एकदा मनात उगाळलं आणि बल्ब होल्डरमध्ये फिरवला.

बल्बचं काम सोपं. वायर नको, छिन्नी नको. होल्डरमध्ये फिरवला की उजेडही देतो आणि चारी बाजूंना मान वळवून बघतो. आवाज ऐकतो. मोबाईलवरचं बटण दाबून बोललं तर आपला आवाज तिकडे बल्बमधून बाहेर पडतो. हे त्याचे गुण, आणि ते वैष्णवीने हरेशला नीट समजावून सांगितले. अवगुणही सांगितले. कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब आंधळा. लाइट गेली की आंधळा. पाल फिरली तरी मोबाईलवर चोर आल्याची घंटी.

एक अवगुण तेवढा तिने सांगितला नाही. हा कॅमेरा ज्याच्या छताला टांगला त्याचा नसतो, ज्याच्या ईमेलवर चढवला त्याचा असतो. बाकीच्यांना तो नुसता दाखवायला दिलेला असतो.

"ईमेल टाका शेठ," तिने मोबाईल पुढे केला.

"मला कुठं कळतंय त्यातलं? तूच टाक काय ते. मला दिसलं म्हंजे झालं."

सगळे असंच म्हणत. तालुक्यातल्या साठ घरांनी तिला असंच सांगितलं होतं, आणि त्या साठही घरांत तिने गिऱ्हाइकाचा ईमेल बनवून, पासवर्ड कागदावर लिहून, कागद घरच्या बाईच्या हातात दिला होता. आज पहिल्यांदा तिने स्वतःचा टाकला.

दुसरा बल्ब घरात, माजघरात लावायचा होता. हरेशने तिला ओसरीवर थांबवून हळू आवाजात सांगितलं, "पूजाला बोलू नको कॅमेरा हाय म्हनून. बल्ब म्हनूनच राहू दे."

पूजा हरेशची बायको. माजघर म्हणजे तिची बसायची, निजायची, शिवणाची जागा. वैष्णवीने एक क्षण विचार केला. या घरातला एकेक शब्द आपल्या कानावर येणार, एवढंच तिला दिसलं, आणि तिने मान डोलावली. पूजाने चहा आणला, सोबत तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं दिली. "जुना बल्ब फार मिणमिणता व्हता गो. बरं झालं बदललास," ती म्हणाली. वैष्णवीने चहा पिऊन कप विसळून ठेवला.

त्यानंतर आठ महिने वैष्णवी हरेशच्या छताला लटकून होती म्हणा ना. दुपारी दुकानात डबा खाताना, एसटीत, घरी भाकरी थापताना, एक कान सतत त्या मोबाईलला. काय मिळेल हे तिला ठाऊक नव्हतं. तिला फक्त हरेशचं वाईट हवं होतं. त्याने वजनात मारलेला काटा सापडावा, सरकारी तांदूळ काळ्या बाजारात जाताना सापडावा, काहीही सापडावं आणि तेही गावाच्या ग्रुपवर जावं. त्याने बापाला जसं झिजवून मारलं तसंच त्यालाही हळूहळू मारावं, असं तिच्या मनात रोज यायचं आणि त्याची तिला लाज वाटत नसे.

मिळत काहीच नव्हतं. गिरणीचं यंत्र चालू असलं की बल्बला नुसती घरघर ऐकू यायची. हरेश माणसांशी गोड बोलायचा, उंदरांवर ओरडायचा, दुपारी पोत्यांवर पाय पसरून घोरायचा. माजघरात पूजा मशीनवर ब्लाउज शिवायची, आईशी फोनवर बोलायची, कधी कधी बोलता बोलता रडायची. वैष्णवी ते पुढे सरकवायची. पण पुढे सरकवायच्या आधी ऐकायची.

दिवाळी झाली, भात घरात आलं, आणि एका दुपारी गिरणीत प्रणय आणि हरेशची जुंपली. प्रणय पूजाचा धाकटा भाऊ, बुधाजीच्या जागी आता तोच यंत्रावर होता. उशिरा येण्यावरून सुरुवात झाली. यंत्र बंद होतं, त्यामुळे एकेक शब्द वैष्णवीला लख्ख ऐकू आला. डब्यातला घास हातातच राहिला.

"उद्यापासून येऊ नको," हरेश म्हणाला.

"मला काढतो? ताईला सांगू का मग सगळं?"

"काय सांगशील? ती सहा पोती तू नेलीस, बुधाजीची खोळ घालून. मी त्याच दिवशी ओळखला व्हता तुला. पायात बूट व्हते तुझ्या. बुधाजी जन्मात कधी गिरणीत पायताण घालून आला व्हता का? पायाकडचा भाग मी कापून टाकला म्हनून वाचलास. तुझ्या बहिणीच्या तोंडाकडं बघून केला मी ते."

"माझ्यासाठी नाय केलं. तुमचा मेव्हना चोर निघाला असता तर तुमच्या गिरणीची पायरी कोन चढला असता?"

हरेशने त्याला काढायचा विषय तिथेच सोडला. प्रणय पोत्यावर बसून मोबाईल बघू लागला.

जिथे भात पडतं तिथे पायताण घालून जायचं नाही, मग ते खळं असो की गिरणी, ही इकडची जुनी रीत. नवी पोरं पाळत नाहीत, पण बुधाजी पाळायचा, आणि गावातलं शेंबडं पोरही ते सांगू शकलं असतं. पाय दिसले असते तर त्याच दिवशी निकाल लागला असता. हरेशने चित्रफितीतून नेमके पायच कापले होते. वैष्णवीने डबा झाकला, दुकानाच्या मागच्या बाजूला गेली आणि भिंतीला डोकं टेकून रडली. रागाने रडली. बाप निर्दोष आहे हे तिला कधी सांगावं लागलं नव्हतं. पण हे त्याला ठाऊक होतं, रोज गल्ल्यावर बसणाऱ्या या माणसाला ठाऊक होतं, हे तिला सोसेना.

किशोरला तिने दाखवलं. त्याने दोनदा ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"बुधाजीकाका सुटतील यानं," तो म्हणाला. "पन तू अडकशील. लोक पयला प्रश्न हाच विचारतील, हे तुझ्याकडं आलं कसं. साठ घरांत आपले बल्ब हायेत, वैष्णवी. पोलिसांचं सोड, एक मानूस दारात उभा करनार नाय तुला. मलाही तुला ठेवता येनार नाय."

त्या संध्याकाळी तिने आईलाही ऐकवलं. गोजाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं.

"किशोरदादा बोलतो माझं काम जाईल," वैष्णवी म्हणाली.

"जाऊ दे. मी भात लावायला जाईन, तू चल माझ्यासंगती. पन त्याला गावासमोर ऐकव. चारचौघांत केलंन ना त्यानं, चारचौघांतच ऐकव."

हरेश सरपंचकीला उभा राहणार होता. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी त्याने गिरणीत नव्या यंत्राची पूजा ठेवली आणि गाव बोलावलं. लाऊडस्पीकर, माइक, केळीचे खुंट, शिऱ्याचा प्रसाद. वैष्णवी आणि गोजाबाई गिरणीच्या मागे, तुसाच्या ढिगाआड उभ्या राहिल्या. सकाळचे दहा वाजले होते. पुढच्या बाजूने हरेशचा आवाज स्पीकरवरून येत होता. गाव माझं, गिरणी गावाची, मी कुणाचं कधी वाईट चिंतलं नाय.

वैष्णवीने आपल्या मोबाईलवर गिरणीतला बल्ब उघडला. हरेश नेमका त्याच्याखाली उभा होता, वरून त्याचं टक्कल दिसत होतं. तिने बोलायचं बटण दाबून धरलं. गोजाबाईच्या हातात तिचा साधा मोबाईल होता, त्यात ते संभाषण उतरवलेलं. "लाव आये," वैष्णवी म्हणाली, आणि गोजाबाईने तो मोबाईल लेकीच्या मोबाईलला चिकटवून धरला.

बल्बचा आवाज तसा पिचका. ते आणखी एक वैगुण्य. एवढ्या गर्दीत तो कुणाला ऐकूही गेला नसता. पण डोक्यावरून आपलाच आवाज आला म्हणून हरेश चमकला, भाषण थांबवून वर बघू लागला, आणि हातातला माइकही त्याच्या तोंडाबरोबर वर गेला. मग गिरणीबाहेरच्या दोन्ही कर्ण्यांतून अख्ख्या वेळशेतला ऐकू आलं: ती सहा पोती तू नेलीस, बुधाजीची खोळ घालून.

शेवटपर्यंत कुणी हललं नाही. पायताणाचं वाक्य आलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांतून एक हुंकार उठला. हरेशला माइक बंद करायचं सुचलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. प्रणय यंत्राशेजारी उभा होता, त्याच्याकडे माणसं वळली.

हरेश मात्र पक्का. घाम पुसून तो पुन्हा माइकवर आला. "खोटं हाय हे. आजकाल मोबाईलवर कुनाचाबी आवाज बनवता येतो. माझे विरोधक हायेत, समोर येयाची हिंमत नाय त्यांच्यात."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हे खरं होतं, असे बनवलेले आवाज सगळ्यांनी ऐकले होते. तुसाच्या ढिगाआड वैष्णवीला कळलं की इथेच थांबलं तर बाप पुन्हा चोर ठरेल आणि आपण वाचू. तिने आईकडे पाहिलंही नाही. ती वळसा घालून पुढच्या दारी गेली, चपला बाहेर काढल्या आणि गर्दीतून सरळ हरेशसमोर जाऊन उभी राहिली.

"बनवलेला नाय. हा तुझ्या डोक्यावर हाय ना, तो बल्ब मी लावलाय. तो माझ्या ईमेलवर हाय. आठ महिने मी बघतेय तुला." आणि तिने मोबाईल जमलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात दिला. त्यात नुसता आवाज नव्हता, हरेश होता, प्रणय होता, त्या दिवशीची तारीख होती.

मोबाईल हातोहात फिरला. प्रणय आधी मागच्या दाराकडे सरकला, मग तिथेच खाली बसला. "मीच नेली," तो म्हणाला, कुणी विचारलं नसताना. गर्दीतला सर्वांत म्हातारा दामूआजा काठी टेकत, लेकीमागून दारात येऊन उभ्या राहिलेल्या गोजाबाईकडे गेला आणि त्याने सगळ्यांदेखत तिच्यापुढे हात जोडले. त्याच्यामागून आणखी माणसं गेली. बायकांनी तिला मिठी मारली. हरेशच्या हातून कुणीतरी माइक काढून घेतला, शिऱ्याच्या परातीला कुणी हात लावला नाही. तो आपल्याच गिरणीत एका पोत्यावर बसून राहिला आणि त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. वैष्णवीने ते डोळे भरून पाहिलं. असं गोड तिला आयुष्यात काही लागलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलायचं, आणखी थोडं मिळावं असंही तिला वाटलं.

दुपारी शेजारची सावळी आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. पदराखाली बल्ब होता.

"आमच्या घरातला पन तूच लावलास ना गो?"

"तो तुमच्या ईमेलवर हाय काकू. मला नाय दिसत त्यातलं. पासवर्ड कागदावर दिला व्हता तुमाला."

"हां. आसंल," सावळी म्हणाली आणि बल्ब ओट्यावर ठेवून गेली. दिवस मावळायच्या आत तिथे नऊ बल्ब, दोन घड्याळं आणि एक चार्जर जमला. किशोरचा फोन आला, त्याने फक्त एवढंच विचारलं की दुकानाची किल्ली कुणाच्या हाती परत पाठवशील. गोजाबाई एकीकडे भेटायला येणाऱ्यांना चहा देत होती, दुसरीकडे ओट्यावरची ती रास बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आली. डोळे सुजलेले. तिचा नवरा खोटारडा ठरला होता, भाऊ चोर ठरला होता, आणि ती दोघांपैकी कुणाबद्दलच बोलायला आली नव्हती. तिने ओढणीच्या गाठीतून माजघरातला बल्ब काढला.

"हा पन तुझ्याच मोबाईलवर हाय का?"

"हो वहिनी."

"आठ महिने?"

"हो."

पूजाने बल्ब हातात उलटसुलट फिरवला. "बल्ब हाय म्हनून मी त्याच्याखाली कापडं बदलायची," ती म्हणाली. "आईला फोनवर सांगायची ते नवऱ्याला पन ठाव नाय. त्यानं लावून घेतला ते त्याचं त्याच्यापाशी. पन तू तर बाई हायेस. तुला चहा दिला मी. माझं तुझ्याशी काय वैर व्हतं गो?"

वैष्णवी घाईघाईने मोबाईल काढून पूजाजवळ बसली. "मी तुमचं काय बघत नव्हती वहिनी. तुमी आल्या की पुढं ढकलायची. हे बघा, तुमच्यासमोर पुसते सगळं." तिने एकेक महिना निवडून पुसला, बल्बमधलं मेमरी कार्ड काढून दगडाने ठेचलं, खातंच बंद केलं आणि रिकामा पडदा पूजासमोर धरला. "बघा, काय पन नाय उरलं."

"दुसरीकडं कुठं ठेवलं नसशील कशावरून?"

"नाय ठेवलं."

"ते मला कोन सांगनार? तूच ना?"

पडदा रिकामा होता, कार्डाचा चुरा ओट्यावर होता, आणि तरीही समोरच्या बाईला पटवायला वैष्णवीकडे स्वतःच्या शब्दापलीकडे काही नव्हतं. तिने गळ्याला हात लावला. "बाबांची शपथ, वहिनी."

पूजाने तिचा हात धरून खाली घेतला, अगदी हलक्या हाताने.

"त्यांची नको घेऊ," ती म्हणाली. "ते बिचारे कालच सुटलेत."

मग ती उठली, ओट्याखाली काढलेल्या चपला पायात घातल्या आणि गिरणीकडे, घराच्या बाजूला न जाता एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.